संवर्धित माशांच्या त्वचेचा रंग आणि त्यात होणारे बदल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव, गावालगतच्या बोड्या म्हणजे लहान तळी आणि अलीकडे शेतोशेती खोदलेली शेततळी यांत मासे वाढवणारे शेतकरी आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या सहकारी संस्था यांच्याशी माझा अनेक वर्षांचा संबंध आहे. जाळे काठाला लागले की पहिला प्रश्न वजनाचा असतो आणि दुसरा बहुतेक वेळा रंगाचा. मासा काळवंडला, पांढरा पडला, अंगावर लाल डाग आले, शेजाऱ्याच्या तळ्यातला चमकतो आणि आपला का चमकत नाही, असे ते प्रश्न असतात. यांतील काही रंगबदल पूर्णपणे निरुपद्रवी असून काही मात्र एका आठवड्यात तळे रिकामे करू शकतात. दोहोंत फरक न करता औषधावर खर्च केला जातो, याचे मला वाईट वाटते आणि म्हणूनच ही उत्तरे सविस्तर लिहीत आहे.

माशाचा रंग खवल्यात असतो की कातडीत?

रोहूचा एक सुटलेला खवला पाण्यात धुऊन उन्हाकडे धरून पाहावा. तो जवळजवळ काचेसारखा पारदर्शक असतो आणि त्याच्या मागच्या कडेला कातडीचा पातळ पापुद्रा चिकटलेला असेल तर तेवढ्याच भागात काळपट ठिपके आणि चांदीची चमक दिसते. माशाचा रंग मुख्यतः खवल्यात नसून कातडीतील रंगपेशींमध्ये असतो. काळा-तपकिरी रंग मेलॅनिन धरून ठेवणाऱ्या पेशींचा असतो, तर पिवळा, नारिंगी आणि तांबडा रंग देणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. चांदीसारखी चमक मात्र कोणत्याही रंगद्रव्याची नसते. काही पेशींत ग्वानिन या पदार्थाचे अतिशय पातळ स्फटिक एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यावरून प्रकाश परतून येतो, त्यामुळे कटल्याची कूस चकाकते. पाठीकडे काळ्या पेशींची दाटी असते आणि पोटाकडे त्या विरळ होत जातात, म्हणून वरून पाहणाऱ्या बगळ्याला मासा पाण्यात हरवतो आणि खालून पाहणाऱ्या शिकारी माशाला तो उजेडात मिसळलेला दिसतो.

निरोगी कटला, रोहू, मृगळ यांचा रंग कसा असावा?

कटल्याची पाठ राखाडी आणि कूस चंदेरी असते. रोहूची पाठ निळसर-तपकिरी असून अंगावरील खवल्यांवर तांबूस छटा असते आणि परांनाही लालसर झाक असते, त्यामुळे रोहूची ही लाली पाहून कोणी घाबरू नये. मृगळाची पाठ गडद राखाडी, कधी तांब्याच्या छटेची आणि पोट रुपेरी असते. सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प सोनेरी-पितळी दिसतो, गवत्या म्हणजे ग्रास कार्प हिरवट-पिवळसर आणि चंदेरा आपल्या नावाप्रमाणे असतो. ही वर्णने सरासरीची आहेत. आपल्या तळ्यातील माशाचा नेहमीचा रंग कोणता, हे दर पंधरवड्याच्या जाळ्यात स्वतः पाहून ठेवावे लागते, कारण पुढे होणारी प्रत्येक तुलना त्याच्याशीच करायची असते.

एकाच गाडीतून आणलेले बीज माझ्या तळ्यात काळपट आणि शेजाऱ्याच्या तळ्यात पांढरे का दिसते?

याचे कारण बहुधा पाण्याचा आणि तळाचा रंग हे असते. मासा ज्या पार्श्वभूमीवर राहतो तिच्याशी आपला रंग जुळवून घेतो. काळ्या कातडीपेशींत मेलॅनिनचे बारीक कण असतात. ते कण पेशीभर पसरले की मासा गडद दिसतो आणि पेशीच्या मध्यभागी गोळा झाले की फिकट दिसतो. रांगोळीची चिमूट मुठीत धरली तर एक ठिपका दिसतो आणि तीच पसरली तर अंगण रंगते, तसे हे आहे. रांगोळी तेवढीच असते.

मागच्या हिवाळ्यात एका गावातील बैठकीत मी हे समोर करून दाखवले. एकाच हौदातील तिलापियाची वीस बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिले, घेतली. दहा काळ्या घमेल्यात आणि दहा पांढऱ्या टबात सोडली, दोन्हीकडे हौदाचेच पाणी भरले आणि दोन्ही भांडी सावलीत ठेवली. अर्ध्या तासाने एका मुलाने पांढऱ्या टबातील एक पिल्लू ओंजळीत उचलून काळ्या घमेल्यात टाकले, तेव्हा बाकीच्या दहांत ते गव्हात पडलेल्या तांदळासारखे उठून दिसले. सर्वांचे जेवण होईपर्यंत ते शोधूनही सापडेना. मासे तेच, पाणी तेच आणि खाद्यही तेच होते. रंग बदलला तो केवळ भांड्यामुळे.

हा बदल डोळ्यांमार्फत होतो. वरून येणारा उजेड आणि तळावरून परतणारा उजेड यांची तुलना माशाचे डोळे करतात आणि मेंदू त्याप्रमाणे मज्जातंतू आणि संप्रेरके यांच्याद्वारे कातडीला आदेश देतो. मासा फिकट करणारे एक संप्रेरक जपानी संशोधकांनी १९८३ साली सामन माशाच्या पीयूष ग्रंथीतून वेगळे केले. त्याच्या उलट काम करणारे, म्हणजे मासा गडद करणारे संप्रेरकही असते. मधमाश्यांच्या भाषेवरील कामासाठी पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांनी आपल्या संशोधनाची सुरुवात लहान माशांच्या रंगबदलापासूनच केली होती.

मिनिटांत किंवा तासांत होणारा हा बदल तात्पुरता असतो. मासा अनेक आठवडे गडद तळावर राहिला तर मात्र रंगपेशींची संख्याच वाढते, आणि मग त्याला पांढऱ्या टबात ठेवले तरी तो लगेच उजळत नाही. कमळ, चिला आणि शेवाळ यांनी भरलेल्या, स्वच्छ पण गर्द पाण्याच्या जुन्या तलावातील मासा गडद आणि सोनेरी झाकेचा असतो. नव्या खोदलेल्या, मातीने गढूळ झालेल्या तळ्यातील मासा धुतल्यासारखा फिकट असतो. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेल्या तलावांतील मासा चवदार म्हणून आजही शोधून घेतला जातो आणि त्याची ओळख रंगावरून सांगितली जाते. चवीबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असू शकते, परंतु रंगाचे कारण मात्र तलावाचे पाणी, तळ आणि त्यात मिळणारे नैसर्गिक खाद्य यांतच आहे.

आमच्या शेततळ्याला काळा प्लास्टिक कागद आहे. त्यामुळे मासे कायमचे काळे होतील का?

काळ्या अस्तरावर पाणी नितळ असेल तर मासे गडद होतात, हे खरे आहे. त्यांच्या वाढीत किंवा मांसात त्यामुळे दोष येत नाही. शेततळ्यात शेणखत किंवा अन्य खताने पाण्याला हिरवी झाक आली की तळ दिसेनासा होतो आणि मासे पुन्हा उजळू लागतात. अमरावती, यवतमाळ, वर्धा भागात कापसाला आणि संत्र्याला पाणी देण्यासाठी केलेल्या शेततळ्यांत मासे सोडणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की रंगासाठी खताचा अतिरेक करून पाणी दाट हिरवे केले तर पहाटे प्राणवायूचा तुटवडा होतो. पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवल्यावर तळवा जेमतेम दिसेनासा व्हावा, इतकाच हिरवेपणा पुरे आहे.

मासा काळा पडणे हे आजाराचे लक्षण कधी समजावे?

माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. तळ्यातील सगळेच मासे थोडेफार गडद झाले असतील, खाद्यावर धावून येत असतील आणि जाळ्यात उसळत असतील, तर आधी पाण्याचा रंग बदलला का ते पाहावे. याउलट, बाकी मासे नेहमीच्या रंगाचे असताना दोन-चार मासे कोळशासारखे काळे दिसत असतील, पाळीच्या कडेला एकटे रेंगाळत असतील आणि सावली पडल्यावरही दचकून पळत नसतील, तर ते आजारी आहेत असे धरून चालावे.

अशा माशाचे डोळे नीट पाहावेत. ज्या माशाची दृष्टी गेली आहे त्याला पार्श्वभूमीचा उजेड कळत नाही, त्यामुळे कातडीला फिकट होण्याचा आदेश मिळत नाही आणि तो मासा काळाच राहतो. तिलापियाला स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा संसर्ग झाला की डोळे बाहेर येतात, त्यांवर पांढरी साय दिसते, मासा गोल गोल फिरतो आणि अंग काळवंडते. हा आजार आपल्याकडे पाणी तापलेल्या दिवसांत बळावतो. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा उथळ तळ्यातील गिफ्ट या सुधारित जातीच्या तिलापियावर रोज लक्ष ठेवणे आवश्यक आहे. अशा वेळी खाद्य कमी करावे, मेलेले मासे त्याच दिवशी काढून चुना टाकून पुरावेत, शक्य असेल तर पाण्याची पातळी वाढवावी आणि प्रतिजैविक स्वतःच्या मनाने देऊ नये.

उपासमार, दाटी, वारंवार जाळे ओढणे आणि भातखाचरातून किंवा कपाशीच्या शेतातून फवारणीचे पाणी तळ्यात उतरणे यांमुळेही मासा काळवंडतो. फवारणीचे पाणी आले असेल तर अंगावर बुळबुळीत चिकटा नेहमीपेक्षा जास्त जाणवतो आणि मासे एकदम सैरभैर होतात. तसे दिसताच शेतातून येणारा चर बांधून टाकावा आणि ताजे पाणी सोडावे.

तिलापियातील काही मासे काळे आणि काही फिकट असतात. त्यांपैकी आजारी कोणते?

कदाचित कोणतेच नाहीत. तिलापियात दर्जाची उतरंड असते आणि ती रंगातून दिसते. जागा बळकावून बसलेला नर उजळ, तर विणीच्या काळात डोक्यावर आणि परांवर लालसर असतो. मार खाल्लेला मासा काळपट पडतो आणि नाईल तिलापियात तर त्याच्या डोळ्याचा रंगही गडद होतो. तोंडात अंडी धरलेल्या मादीच्या अंगावरचे उभे पट्टे ठळक होतात.

आपल्या अनेक जुन्या तलावांत मात्र मोझांबिक तिलापिया आहे, जो भारतात १९५२ साली आणला गेला. त्याचा विणीतील नर काळाकुट्ट, गळ्याखाली पांढरा आणि परांच्या कडेला लाल असतो. गिफ्टचे बीज म्हणून घेतलेल्या माशांत असे नर लहान वयातच दिसू लागले, तर बीज भेसळीचे असण्याची शक्यता मोठी आहे. गिफ्ट हा निवड पद्धतीने सुधारलेला नाईल तिलापिया असून त्याचे काम १९८८ साली फिलिपिन्समध्ये सुरू झाले होते. त्याच्या संवर्धनासाठी आपल्याकडे शासनाची परवानगी घ्यावी लागते आणि बीज अधिकृत केंद्रातूनच घेणे हिताचे आहे.

पहाटे मासे वर येतात आणि पाठ पांढरट दिसते. ही कोणती स्थिती?

प्राणवायू कमी पडल्याची. असे वारंवार होत राहिले तर माशांची पाठ फिकी पडते आणि खालचा ओठ पुढे येतो. आभाळ दाटलेले असताना खाद्य आणि शेण टाकणे थांबवावे, पंप लावून पाणी उडवावे. पाणी हलवण्यासाठी दुसरे काही नसेल तर दोन माणसांनी पाण्यात उतरून बांबूने पाणी खळबळावे.

अंगावर लाल डाग आहेत. कोणते औषध टाकू?

औषधाआधी मासा हातात घेऊन पाहावा, कारण लाल डागाची कारणे निदान तीन आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिले कारण माशांची ऊ, म्हणजे आर्ग्युलस. डागाजवळ मसुराच्या डाळीपेक्षा लहान, चपटा, जवळजवळ पारदर्शक किडा सरकताना दिसतो आणि खवले सैल झालेले असतात. मासे बांबूला, दगडाला अंग घासतात. रोहूला याचा त्रास अधिक होतो. हा किडा आपली अंडी पाण्यातील टणक वस्तूंवर चिकटवतो, म्हणून तळ्यात बांबूच्या ताट्या किंवा फळ्या उभ्या कराव्यात आणि काही दिवसांनी त्या काढून कडक उन्हात वाळवाव्यात. ही रीत स्वस्त आहे आणि पुन्हा पुन्हा केली तर किड्यांची संख्या खरोखर घटते. रासायनिक औषध द्यायचे झाल्यास तळ्याचे पाणी मोजून, मत्स्य अधिकाऱ्यांना विचारूनच द्यावे.

दुसरे कारण व्रणरोग, ज्याला आपल्याकडे लाल चट्ट्यांचा रोग म्हणतात. तो अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स या बुरशीसारख्या जीवामुळे होतो आणि भारतात १९८८ साली ईशान्येकडून शिरला. पावसाळा संपून थंडी सुरू होते तेव्हा तो डोके वर काढतो. सुरुवातीला पिन टोचल्यासारखा लाल ठिपका असतो, पुढे तो चट्टा होतो, खवले गळतात आणि मांस उघडे पडून खोल जखम होते. मरळ आणि खवल्यांचे लहान गावठी मासे यांना तो सर्वांत आधी गाठतो आणि मृगळालाही तो होतो. तिलापिया आणि सायप्रिनस मात्र सहसा वाचतात. म्हणून रोहू, मृगळ अशा कार्प माशांवर काही दिसण्याची वाट न पाहता कडेच्या मरळीकडे आणि गावठी माशांकडे कार्तिकापासून लक्ष ठेवावे. पावसाळा सरताना पाण्याचा सामू (पीएच) तपासून हेक्टरी सुमारे २०० किलो चुना हप्त्यांनी टाकणे हा जुना आणि भरवशाचा प्रतिबंध आहे. रोग दिसल्यावर भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने तयार केलेले सिफॅक्स हे औषध एक हेक्टर क्षेत्र आणि एक मीटर खोली यांस एक लिटर या प्रमाणात वापरतात. खोली न मोजता अंदाजाने बाटली ओतणारे फार आहेत. बांबूवर खुणा करून तळ्यात चार-पाच ठिकाणी खोली मोजायला दहा मिनिटे पुरतात, ती मोजावी.

तिसरे कारण म्हणजे निव्वळ इजा आणि त्यानंतर बळावणारे जिवाणू. जाळ्यात घासलेल्या, गाडीत दाटीने आणलेल्या पंगस या बिनखवल्यांच्या माशाचे पोट आणि पर लाल होतात. वाहतुकीनंतर दोन-तीन दिवसांत लाली ओसरली तर ती इजाच होती. ती वाढत गेली आणि पोट फुगले किंवा गुदद्वार सुजले, तर जिवाणूंचा संसर्ग समजावा.

माशाच्या कातडीत मोहरीसारखे काळे ठिपके आहेत आणि ते घासून जात नाहीत. हे काय असते?

हे एका चपट्या कृमीच्या अळीचे घर असते. तिचे आयुष्य गोगलगाय, मासा आणि मासे खाणारा पक्षी अशा तीन ठिकाणी विभागलेले असते. अळी कातडीत शिरून कवच करते आणि मासा त्या कवचाभोवती स्वतःचे मेलॅनिन साठवतो. म्हणजे ठिपक्याचा काळा रंग माशाचाच असतो. मोठ्या माशाला थोड्या ठिपक्यांनी अपाय होत नाही, बोटुकलीवर दाटी झाली तर मात्र ती खुरटतात. नीट शिजवल्यावर अळी मरते, तरीही गिऱ्हाईक असा मासा नाकारते, हे नुकसान खरेच आहे. उपाय गोगलगायींवर करावा लागतो. पाणवनस्पती काढाव्यात, काठ स्वच्छ ठेवावेत आणि तळे एकदा पूर्ण कोरडे करून उन्हात तापू द्यावे.

अंगावर पांढरेपणा दिसतो, तो कशामुळे?

मिठाच्या कणांसारखे सुटे ठिपके असतील तर ते सूक्ष्म परजीवाचे, आणि कापसाचा पुंजका असेल तर ती आधीच्या जखमेवर आलेली बुरशी. सगळ्या अंगावर निळसर-पांढरी साय असेल तर मासा चिकटा वाढवून स्वतःचे रक्षण करत आहे आणि पाण्यातील त्रासाचे कारण शोधायला हवे. गोंदियाकडील कडाक्याच्या थंडीत मासा सुस्त आणि निस्तेज दिसतो, तेवढ्यावरून औषध टाकू नये.

मासा बाहेरून ठीक आहे, पण कल्ले चॉकलेटी झाले आहेत.

रक्तात दोष आल्याचे हे चिन्ह आहे. पाण्यात नायट्राइट वाढले की रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते आणि रक्त तपकिरी होते. पाण्यात प्राणवायू पुरेसा असूनही मासा धापा टाकतो. जास्त खाद्य, दाट संख्या आणि तळातील गाळ ही त्याची मुळे आहेत. खाद्य थांबवून पाणी बदलावे. खडे मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरण्यास अडवते, म्हणून मीठ टाकतात, परंतु त्याचे प्रमाण पाणी तपासूनच ठरवावे लागते.

मरळीची पिले लालभडक असतात. ती वेगळ्या जातीची आहेत का?

नाहीत. पट्ट्यांच्या मरळीची पिले लहानपणी नारिंगी-लाल असतात आणि थव्याने फिरतात. आषाढ-श्रावणात बोडीच्या गवताळ कोपऱ्यात थाळीएवढा लाल गोळा पाण्याखाली वर-खाली होताना दिसतो आणि त्याच्या खाली, हातभर अंतरावर, राखण करणारी मरळ स्थिर उभी असते. चार-पाच सेंटिमीटर लांबीची झाल्यावर पिलांची लाली जाऊन ती तपकिरी-काळपट होतात, थवा फुटतो आणि ती एकमेकांना खाऊ लागतात. मरळीचे बीज गोळा करणाऱ्यांच्या दृष्टीने हा रंगबदल म्हणजे आकारानुसार पिले वेगळी करण्याची वेळ आल्याची सूचना होय. पंगसातही असेच आहे. त्याच्या पिलांच्या कुशीवर लांब काळे पट्टे असतात आणि मोठेपणी ते मावळून अंग एकसारखे करडे होते.

पंगसाचे मांस पिवळे निघते, म्हणून व्यापारी भाव पाडतात. काय करावे?

पिवळेपणा शेवाळातील आणि मक्यातील पिवळ्या रंगद्रव्यांमुळे येतो. माशाला ती स्वतः तयार करता येत नाहीत, खाद्यातून आलेली तेवढी चरबीत आणि मांसात साठतात. अशा मांसात खाण्याच्या दृष्टीने वाईट काही नाही. तरीही बाजाराला पांढरे मांस हवे असेल तर खाद्यातील मका कमी करावा, पाणी फार हिरवे होऊ देऊ नये आणि विक्रीपूर्वीचे काही आठवडे हे पथ्य कटाक्षाने पाळावे.

लाल तिलापिया, सोनेरी सायप्रिनस, पांढरा गवत्या हे मासे खाण्यास सुरक्षित असतात का?

असतात. लाल तिलापिया हा तैवानमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस लालसर मोझांबिक मादी आणि नाईल नर यांच्या संकरातून पुढे आला. त्याच्या अंगावर काळे डाग येतात, ते आनुवंशिक असतात आणि त्यांना रोग समजू नये. शोभेचा कोई मासा हा सायप्रिनसच्याच रंगीत पिलांची जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार झाला आहे. मेलॅनिन तयार होत नाही असा पांढरा, गुलाबी डोळ्यांचा मासा अधूनमधून निघतो. तळ्यात तो बगळ्याला आणि पाणकावळ्याला आधी दिसतो, एवढाच त्याचा तोटा आहे.

झेंडू, मिरची किंवा गाजर खाद्यात मिसळल्याने माशाला रंग चढतो का?

शोभेच्या माशांना चढतो. झेंडूच्या पाकळ्यांत ल्युटिन असते, लाल मिरचीत तांबडी रंगद्रव्ये असतात आणि सोनमासा यांतील काही द्रव्यांचे रूपांतर करून आपला लाल रंग गडद करू शकतो. दिवाळीनंतर आपल्या गावांत तोरणांचा झेंडू ढिगाने फेकला जातो. फवारणी न केलेल्या फुलांच्या पाकळ्या सावलीत वाळवून, बारीक करून अल्प प्रमाणात खाद्यात मिसळता येतात आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. रोहू-कटल्यासाठी मात्र हा खटाटोप करू नये. त्यांचा रंग चांगल्या पाण्याने, भुईमुगाच्या ढेपेने आणि धानाच्या कोंड्याने जेवढा खुलतो तेवढा पुरेसा आहे.

बाजारात नेईपर्यंत तिलापिया काळा आणि डागाळलेला का होतो?

काही वर्षांपूर्वी आमच्याकडील एक क्विंटलभर तिलापिया एका व्यापाऱ्याने काळा म्हणून परत केला. आदल्या दुपारी उन्हात तीन वेळा जाळे ओढले होते, मासे काळ्या क्रेटमध्ये दाटीने भरले होते आणि बर्फ वाटेत घेऊ म्हणून घेतलाच नव्हता. त्यात व्यापाऱ्याचा दोष नव्हता, आमचीच रीत चुकली होती. ताण आलेला मासा गडद होतो, आणि मेल्यानंतरही काही काळ कातडीतील पेशी जिवंत राहत असल्याने कुठे दाब पडला, कुठे उजेड लागला यानुसार अंगावर फिकट-गडद पट्टे उमटतात.

आता आम्ही आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवतो, जाळे पहाटे एकदाच ओढतो, मासे धुऊन लगेच बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात, पांढऱ्या टबात बुडवतो आणि नंतर माशाइतक्याच वजनाचा कुटलेला बर्फ थरांनी घालून पेटी भरतो. त्यानंतर रंगाची तक्रार आली नाही. ग्राहकांनीही ताजेपणा कातडीच्या काळेपणावरून न ठरवता लाल कल्ले, भरीव डोळे आणि बोट दाबल्यावर परत उसळणारे मांस यांवरून ठरवावा.

रंग सुधारणारे म्हणून विकले जाणारे हिरवे औषध वापरावे का?

वापरू नये. गडद हिरव्या रंगाची अशी पूड किंवा द्रव पुष्कळदा मलाकाइट ग्रीन असते आणि खाण्याच्या माशांसाठी तिच्या वापरावर भारतात बंदी आहे. माशाच्या शरीरात तिचे रंगहीन रूप तयार होऊन ते चरबीत दीर्घकाळ राहते, म्हणजे पाणी स्वच्छ दिसले तरी मासा स्वच्छ झालेला नसतो. तो मासा शेवटी आपल्याच गावातील लेकरांच्या ताटात जातो. बाटलीवर घटकांचे नाव छापलेले नसेल तर ती कितीही स्वस्त असली तरी परत करावी.

मत्स्य कार्यालयात किंवा प्रयोगशाळेत विचारायला जाताना काय न्यावे?

रंगबदल कोणत्या दिवशी प्रथम दिसला, किती माशांत आणि कोणत्या जातीत दिसला, त्याआधीच्या आठवड्यात पाऊस, थंडी, फवारणी, नवे बीज किंवा नवे खाद्य यांपैकी काय घडले, हे कागदावर लिहून न्यावे. छायाचित्र भर उन्हात न काढता सावलीत, पांढऱ्या कापडावर, आजारी माशाशेजारी त्याच तळ्यातील निरोगी मासा ठेवून काढावे, कारण एकट्या माशाच्या छायाचित्रावरून रंगाचा अंदाज करता येत नाही. मासा शक्यतो जिवंत, प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्यावा. तसे जमत नसेल तर नुकताच मेलेला मासा पिशवीत घालून बर्फात ठेवावा, मात्र काठावर फुगून तरंगत असलेला मासा नेऊ नये. सोबत त्याच सकाळी, काठापासून थोडे आत जाऊन घेतलेले तळ्याचे पाणी असावे आणि ते पिण्याच्या पाण्याच्या नव्या बाटलीत, ती तळ्याच्याच पाण्याने तीनदा विसळून, भरलेले असावे.